गहाण घराची शेवटची तारीख

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो प्रदीर्घ शिलालेख आजही तेथे आहे आणि परगावाहून गेलेला मराठी माणूस त्याच्यापुढे थोडा वेळ तरी थबकतोच. त्याच गावातील, पिढ्यानपिढ्या घरात मराठी बोलणाऱ्या एका कुटुंबाच्या दारावर काही महिन्यांपूर्वी जो कागद डकवला गेला, तो मात्र इंग्रजीत होता. बँकेने घराचा ताबा घेतल्याची ती नोटीस होती. धाकट्या भावाने व्यवसायासाठी कर्ज काढले, वडिलोपार्जित घर तारण ठेवले, व्यवसाय बसला. थोरले बंधू घरात राहतात, धाकटे कामाच्या शोधात पुण्यास गेले. पुढे विक्रीची जाहिरात वृत्तपत्रात आली, तेव्हा थोरल्या बंधूंनी जुन्या परिचयाने मला दूरध्वनी केला. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता : "साहेब, लिलावाला अजून तीन आठवडे आहेत. तोवर सगळी रक्कम भरली, तर घर सुटेल ना?"

हा प्रश्न 2016 पूर्वी कोणी विचारला असता, तर मी निःशंकपणे 'होय' म्हटले असते. आज तसे म्हणता येत नाही. हक्काने सुटेलच असे नाही. बँकेने मनावर घेतले तर सुटेल. 'हक्क' आणि 'मनावर घेणे' यांतील हे अंतर कसे पडले, आणि ते पडू देण्यात आम्हा प्रशासकीय अधिकाऱ्यांचा वाटा किती, याविषयी हा लेख आहे.

आपल्याकडील गहाणाचा कायदा मुळात ऋणकोविषयी कनवाळू होता. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 60 ने गहाण सोडवून घेण्याचा हक्क दिला, आणि करारात काहीही लिहून घेतले तरी तो हिरावता येत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले. सावकार असो वा बँक, त्याला दिवाणी दावा लावावा लागे; प्राथमिक हुकूमनामा, मग अंतिम हुकूमनामा, मग विक्री. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या चौतिसाव्या आदेशात तर अशी तरतूद आहे की, लिलाव होऊन गेल्यावरही, न्यायालयाने विक्री कायम करेपर्यंत, ऋणकोने संपूर्ण देणे भरले आणि बोलीदाराला खरेदीच्या किमतीच्या 5 टक्के भरपाई दिली, की घर त्याचे त्याला परत मिळते. बोलीदाराचे नुकसान नाही, धनकोचे नुकसान नाही, घरही वाचले. मला ही तरतूद नेहमीच शहाणपणाची वाटत आली आहे.

अर्थात, या व्यवस्थेची दुसरी बाजूही होती, आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दावे वीस वीस वर्षे चालत. ज्यांची देण्याची ऐपत होती तेही तारखा घेत बसत, आणि ठेवीदारांचा पैसा अडकून पडे. म्हणून 2002 साली, इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सरफेसी' म्हणून ओळखला जाणारा कायदा आला. न्यायालयात न जाता बँकेने स्वतःच तारण ताब्यात घ्यावे आणि विकावे, हे त्याचे सूत्र. कर्जाचा हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. मग कलम 13(2) ची 60 दिवसांची मागणी-नोटीस. ती मुदत उलटली की कलम 13(4) खाली ताबा. हा ताबा प्रथम बहुधा कागदोपत्रीच असतो. दारावर नोटीस लागते, पण माणसे आत राहत असतात, चूल पेटत असते. त्यामुळे पुष्कळांना वाटते की अजून काही झालेले नाही. खरे तर याच दिवशी दोन घड्याळे सुरू झालेली असतात.

पहिले घड्याळ 45 दिवसांचे. बँकेच्या कारवाईविरुद्ध कलम 17 खाली कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाण्याची ही मुदत. तंजावरच्या माणसाला त्यासाठी मदुराईस जावे लागते. मूळ कायद्यात असा अर्ज करण्यापूर्वी मागणीच्या 75 टक्के रक्कम भरण्याची अट होती. 2004 साली मार्डिया केमिकल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, म्हणून आज या पायरीवर कायद्याने अनामत लागत नाही. स्थगिती देताना न्यायाधिकरण काही रक्कम भरायला लावते, ते वेगळे. तेथे हरल्यास वरच्या अपिलासाठी मात्र निम्मी रक्कम भरावी लागते, फार तर ती पाव हिश्श्यापर्यंत कमी होते. तेव्हा जे काही सांगायचे ते पहिल्याच पायरीवर, कागदपत्रांसह सांगावे. रकमेचा हिशेब चुकला आहे, नोटीस योग्य पत्त्यावर बजावलीच नाही, जमीन प्रत्यक्ष शेतीची आहे (शेतजमिनीला हा कायदा लागू नाही, आणि कावेरीच्या खोऱ्यात हा मुद्दा वारंवार निघतो, परंतु केवळ महसुली दप्तरातील नोंद पुरत नाही, जमीन खरोखर कसली जात असावी लागते) किंवा मूळ मुद्दल व व्याज मिळून जे देणे होते त्याच्या 20 टक्क्यांहून कमीच उरले आहे, हे सर्व येथे मांडता येते.

दुसरे घड्याळ अधिक निर्दय आहे, कारण ते कधी थांबेल याची तारीख ऋणकोला आधी कळतच नाही. कलम 13(8) पूर्वी असे म्हणत असे की, विक्रीसाठी ठरलेल्या तारखेपूर्वी सर्व देणे भरले तर मालमत्ता विकता येणार नाही. 2014 साली मॅथ्यू वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा ऋणकोला अनुकूल अर्थ लावला आणि गहाण सोडवण्याचा हक्क विक्री पूर्ण होईपर्यंत जिवंत राहतो असे सांगितले. 2016 च्या दुरुस्तीने शब्दच बदलले. विक्रीच्या तारखेच्या जागी विक्रीची नोटीस प्रसिद्ध होण्याची तारीख आली. सप्टेंबर 2023 मध्ये नवी मुंबईतील एका भूखंडाच्या प्रकरणात (सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स) न्यायालयाने स्पष्ट केले की, नोटीस प्रसिद्ध झाली त्या दिवशी हक्क संपला. तेथे ऋणको लिलावातील बोलीपेक्षा मोठी रक्कम भरायला तयार होता, उच्च न्यायालयाने त्याला तशी परवानगीही दिली होती; ती टिकली नाही. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये तामिळनाडूतून आलेल्या प्रकरणातही हाच अर्थ कायम झाला, मात्र त्या वेळी न्यायालयाने कलम आणि त्याखालील नियम यांच्यातील विसंगतीकडे अर्थ मंत्रालयाचे लक्ष वेधले. ते लक्ष खरोखरच जावे, एवढी इच्छा मी येथे व्यक्त करतो.

कारण परिणाम काय झाला, हे पाहा. नियमानुसार विक्रीपूर्वी ऋणकोला 30 दिवसांची नोटीस द्यायची, आणि विक्रीची जाहिरात दोन वृत्तपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात, द्यायची. व्यवहारात वैयक्तिक नोटीस आणि जाहिरात बहुधा एकाच सुमारास निघतात. म्हणजे घर विकले जाणार आहे हे ज्या कागदाने कळते, त्याच कागदाने ते सोडवण्याचा हक्क संपतो. 30 दिवस मिळतात खरे, पण ते कशासाठी, याचे उत्तर कायद्यात सापडत नाही. सामान्य माणूस अंत जवळ आला की धावपळ करतो. बहिणीचे दागिने, गावाकडची जमीन, जावयाची भविष्य निर्वाह निधीची रक्कम असे काहीबाही जमवतो. जी धावपळ दिवाणी न्यायालयात त्याला वाचवीत असे, ती येथे निरर्थक ठरते.

याच तंजावरात हक्क आणि मेहेरबानी यांचा एक जुना निवाडा झाला आहे. 1855 साली दुसरे शिवाजीराजे औरस पुत्रावाचून निवर्तले. कंपनी सरकारने राज्य तर खालसा केलेच, परंतु 1856 साली लष्करी बंदोबस्तात राजवाड्याचा ताबा घेऊन राजांच्या खाजगी मालमत्तेलाही मोहरा लावल्या. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि त्या जिंकल्या. सरकार प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेले. 1859 साली लॉर्ड किंग्जडाउन यांनी दिलेला निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. ही कृती राज्यसत्तेने केलेली आहे. ती न्याय्य की अन्याय्य, हे पाहण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असा त्याचा आशय. राणीसाहेब हरल्या. आणि 1862 साली मद्रास सरकारने तीच खाजगी मालमत्ता एका हुकमाने राण्यांना परत दिली. न्यायालयात जे हक्क म्हणून मिळाले नाही, ते कचेरीतून कृपा म्हणून मिळाले. राज्य खालसा होणे आणि कर्ज थकणे यांची तुलना मी करीत नाही. राण्यांनी कोणाचे हप्ते चुकवले नव्हते. मला साम्य दिसते ते 'आम्ही पाहू शकत नाही' या वाक्यात.

कारण नेमके हेच वाक्य आज जिल्हादंडाधिकाऱ्याच्या तोंडी घातले गेले आहे. बँकेला प्रत्यक्ष ताबा हवा असेल तर कलम 14 खाली ती जिल्हादंडाधिकाऱ्याकडे अर्ज करते (काही ठिकाणी मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे). बँकेच्या अधिकाऱ्याने नऊ मुद्द्यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, ते तपासून 30 दिवसांत, फार तर 60 दिवसांत आदेश काढायचा. मग तहसीलदार किंवा त्याच्या हाताखालचा अधिकारी पोलीस घेऊन जातो, पंचनामा होतो, भांडीकुंडी बाहेर येतात, कुलूप लागते. या टप्प्यावर ऋणकोचे म्हणणे ऐकून निवाडा करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला नाही, हे 2022 साली नाशिकच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले. कायदा म्हणून ते योग्यच आहे. प्रत्येक कलेक्टर कचेरीत दुसरे न्यायाधिकरण भरू लागले तर मूळ कायद्याचा हेतूच विफल होईल.

परंतु निवाडा न करणे आणि न पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मी स्वतः अशा आदेशांवर सह्या केल्या आहेत; प्रारंभी तर टपालाच्या ढिगात, इतर कागदांबरोबर. एकदा प्रतिज्ञापत्र नीट वाचले तेव्हा लक्षात आले की, ऋणकोच्या हरकतीला उत्तर दिल्याचा मुद्दा छापील मजकुरात तसाच ठेवला होता आणि उत्तराची तारीख कोरी होती. कलम 13(3अ) प्रमाणे हरकत आल्यास 15 दिवसांत सकारण उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. मी फाईल परत पाठवली. बँकेने तीन आठवड्यांनी रीतसर उत्तर दिले आणि मग आदेश निघाला. घर काही वाचले नाही. पण मधल्या काळात त्या कुटुंबाला न्यायाधिकरणाची वाट सापडली. तेव्हापासून आदेशासोबत एक पानाचा कागद जोडण्याची पद्धत मी ठेवली : ताब्याची तारीख कोणती, न्यायाधिकरण कोठे आहे, 45 दिवस कधी संपतात, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. घर पत्नीच्या किंवा आईच्या नावावर असल्यास याचा मोठा उपयोग होतो आणि ते जवळजवळ कोणालाच माहीत नसते. या कागदावर काही सहकारी हसले. त्याला कायद्याने कोणाची मनाई नव्हती आणि खर्च एका पानाचा होता.

परप्रांतातील मराठी माणसाला हा कागद अधिकच लागतो. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतून सोने-चांदी गाळणारे कारागीर पिढ्यानपिढ्या देशभर गेले आहेत. दक्षिणेतील सराफी पेठांतून तर गलाई व्यवसायातली मराठी घरे हमखास आढळतात. यांतील पुष्कळांनी तिकडेच घरे घेतली. तमिळ बोलता येते, वाचता येत नाही. नियमातील 'स्थानिक भाषा' म्हणजे तेथे तमिळ. नोटीस पूर्णतः कायदेशीर असते आणि पूर्णतः अगम्य. उलटही घडते : घर विट्याला, माणूस कोईमतूरला, जाहिरात सांगलीच्या वृत्तपत्रात. जी बँक कर्ज देताना अर्ज मराठीतून समजावून सांगते, तिला घर विकताना ऋणकोची भाषा आठवू नये, हे मला पटत नाही. सप्टेंबर 2023 पासून रिझर्व्ह बँकेने ताब्यात घेतलेल्या मालमत्तांची यादी संकेतस्थळावर ठेवणे बँकांना व वित्तसंस्थांना बंधनकारक केले आहे; दूर राहणाऱ्यांनी ती अधूनमधून पाहावी.

आता, ज्यांच्या दारावर नोटीस लागली आहे पण विक्रीची जाहिरात अजून आलेली नाही, त्यांच्या हाती काय आहे? याच काळाला मी खरा शेवटचा काळ म्हणतो. पहिली गोष्ट, बँकेकडून लेखी हिशेब मागवावा. तोंडी आकड्यावर विसंबू नये. केवळ थकलेले हप्ते भरून खाते नियमित करून घेण्याचा आग्रह धरता येतो, परंतु सर्व कर्ज एकदम मागितल्यावर बँक तो मानेलच असे नाही. एकरकमी तडजोड हा दुसरा मार्ग. जून 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा तडजोडींसाठी संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण ठेवण्यास सांगितले आहे, तेव्हा ते धोरण काय आहे हे विचारावे. मात्र तडजोड हा हक्क नव्हे, असे न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्येच सांगून ठेवले आहे. तिसरा मार्ग लोक सहसा विसरतात. मागणी-नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, पण संमतीने येते, आणि स्वतः आणलेल्या गिऱ्हाइकाकडून मिळणारी किंमत लिलावापेक्षा बहुधा चांगली असते. मोठे घर असेल तर एक भाग देऊन उरलेला राखता येतो. आणि सामाईक घरात ज्याचा हिस्सा आहे, त्या भावालाही 1882 च्या कायद्याप्रमाणे संपूर्ण देणे भरून गहाण सोडवता येते. कर्ज ज्याने काढले त्याचीच वाट पाहत बसण्याचे कारण नाही. हे सगळे मात्र जाहिरातीपूर्वी. (जाता जाता : सहकारी बँकांना हा कायदा लागू नाही असे महाराष्ट्रात अजून सांगितले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात मे 2020 मध्ये घटनापीठाने तो लागू असल्याचे ठरवले आहे.)

माझे मत असे की, कलम 13(8) मध्ये दिवाणी संहितेतील जुना नियम पुन्हा आणावा. विक्री कायम होईपर्यंत ऋणकोला संपूर्ण देणे, खर्च आणि बोलीदाराची 5 टक्के भरपाई भरून घर सोडवू द्यावे. निदान राहत्या घरापुरते तरी. यावर आक्षेप असा की, शेवटच्या क्षणी मालमत्ता हातची जाणार असेल तर लिलावाला कोणी येणार नाही. आक्षेप अगदीच पोकळ नाही, लिलावाची विश्वासार्हता ही खरी गोष्ट आहे. परंतु ज्याला काही आठवड्यांत गुंतवणुकीवर 5 टक्के मिळतात, तो तक्रार करील असे मला वाटत नाही. कारखान्याचा भूखंड आणि राहते घर यांना एकाच मापाने मोजण्याची घाई कायद्याने केली, आणि नवी मुंबईच्या भूखंडावर ठरलेला नियम तंजावरच्या माजघराला लागला.

त्या कुटुंबाचे सांगायचे राहिले. मी थोरल्या बंधूंना सांगितले की, हक्काची भाषा बोलू नका, रक्कम घेऊन समोर जा. पुण्याच्या भावाने आणि दोन बहिणींनी मिळून ती उभी केली. बँकेने लिलावाच्या दोन दिवस आधी पैसे स्वीकारून विक्री मागे घेतली. पत्रात लिहिले होते की, हे विशेष बाब म्हणून करण्यात येत आहे आणि हा पूर्वदाखला समजू नये. थोरल्या बंधूंनी ते पत्र मला दूरध्वनीवर वाचून दाखवले आणि 'विशेष बाब' म्हणजे काय, असे विचारले. कर्ज फिटल्यावर मूळ दस्तऐवज 30 दिवसांत परत द्यायचे, न दिल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे, तेवढे मी त्यांना लिहून कळवले. आज एकविसावा दिवस आहे. खरेदीखत अजून यायचे आहे.